एका 'फट'ची फटफटी

"हमीदाबी, हिची फटफटी करायची. येत्या ऐतवाराच्या आत."

सोपानभाऊने सायकल दुकानाच्या फळीला टेकवली आणि स्वतः पायरीवर बसकण मारली. मळवलीहून लोणावळ्यापर्यंत पॅडल मारत आला होता. गडी हाडापेराने मजबूत, पण त्या दिवशी चेहरा पडलेला होता.

"फटफटी कशाला? बाजाराला तर हिच्यावरच येता की."

"लगीन हाय."

"सायकलीचं?"

"माजं."

मी हातातलं स्पॅनर खाली ठेवलं. लग्नाची गोष्ट स्पॅनर हातात धरून ऐकू नये, एवढं मला तेव्हाही कळत होतं. बाकी फारसं काही कळत नव्हतं, ते पुढे येईलच.

लोणावळ्याच्या बाजारात आमचं सायकलचं दुकान होतं. भाड्याने देणं, पंक्चर काढणं, चाकाचा आउट काढणं, म्हणजे वाकडं फिरणारं चाक तारा आवळून सरळ करणं, अशी सगळी कामं व्हायची. दुकान अब्बांचं. मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि अब्बा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले होते. ते येईपर्यंत दुकानाची मालकीण, मेकॅनिक आणि कॅशियर मीच. मुसलमानाची वयात आलेली पोर दुकानात बसते म्हणून गल्लीत कुजबुज व्हायची. पण पडद्याआड बसून पंक्चर काढता येत नाही, आणि कुजबुजणाऱ्यांच्याही सायकली पंक्चर व्हायच्या.

त्या वेळची हमीदा आज माझ्यासमोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग एक चापट. शाळेत इंग्रजीची चार बुकं वाचली होती. तेवढ्या जोरावर ती स्वतःला इंजिनियर समजायची. पदराला ग्रीसचे डाग मुद्दाम ठेवायची, लोकांना दिसावेत म्हणून.

तर सोपानभाऊचं लग्न. मुलगी तळेगाव दाभाड्याकडची, नाव इंदू. सोयरीक आणली होती नामाभाऊंनी. नामाभाऊ म्हणजे मावळातले नावाजलेले मध्यस्थ. गावोगाव फिरून लग्नं जुळवायची, हाच त्यांचा उद्योग. त्यांनी तळेगावला जाऊन सांगितलं, पोराला भातशेती आहे, दुभत्या म्हशी आहेत आणि फटफटी आहे.

फटफटी म्हणजे मोटारसायकल. त्या काळी मावळात ती साहेबाकडे असायची, नाहीतर कॉन्ट्रॅक्टरकडे. तळेगावची माणसं हरखली. मुलीची आत्या म्हणाली, मी रविवारी स्वतः येऊन ती फटफटी बघणार, मगच होकार.

"मग नामाभाऊ खोटं का बोलले?" मी विचारलं.

"खोटं कुटं? समदा गाव हिला फटफटीच म्हंतोय." त्याने सायकलीकडे बोट केलं. "नामाभाऊंनी कदी बघितली न्हाई, निस्ती आयकली."

मी मागचं चाक हाताने फिरवलं. फट, फट, फट, फट. मागच्या मडगार्डचा पत्रा खालून फाटला होता. त्याचं टोक प्रत्येक फेरीला तारांवर आपटत होतं. सोपानभाऊ दूध घालायला निघाला की लांबून हाच आवाज यायचा आणि पोरं ओरडायची, आली रे सोपानाची फटफटी! नामाभाऊंनी जे ऐकलं ते तळेगावला जसंच्या तसं पोचवलं होतं. बिचाऱ्यांच्या धंद्यातला हा बहुधा सर्वात प्रामाणिक दिवस होता.

"आत्याला खरं सांगून टाका," मी म्हटलं.

"सांगितलं तर म्हंतील, पोरगं सायकलला फटफटी म्हंतंय, तर म्हशीला काय हत्ती म्हंत आसंल? शेती तरी खरी हाय का म्हून इचारतील." त्याने टोपी काढली, घडी घातली, पुन्हा डोक्यावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "म्या तिला बघितलीय, हमीदाबी. तळेगावच्या बाजारात. काटा मारणाऱ्या वाण्याला आसा झापत हुती... लय ग्वाड."

आता माझ्यासारख्या इंजिनियरला गप्प बसणं शक्यच नव्हतं. कारण आमच्या माळ्यावर एक खोका होता.

त्या खोक्याची हकिकत अशी. लढाईच्या काळात थोडे अमेरिकन सोल्जर हवापालटाला लोणावळ्यात यायचे. त्यातला एक लांबुडका साहेब भुशीकडच्या बंगल्यात राहायचा आणि आमच्याकडून सायकली भाड्याने न्यायचा. त्याने मायदेशाहून एक किट मागवलं होतं. साध्या सायकलवर बसवायचं छोटं इंजिन, सोबत टाकी, पट्टा आणि हँडलवरचे खटके. त्याला ते बसवायला सवड झाली नाही. परत जायचे दिवस जवळ आले तसं त्याने ते अब्बांना विकलं. मी दुभाषी.

साहेब इंजिनावर थाप मारून म्हणाला, हिला फक्त गॅस द्या, पाखरासारखी जाईल.

अब्बा म्हणाले, "विचार त्याला, पेट्रोल कुठून आणायचं? रेशनवर कूपनं तरी मिळतायत का?"

मी साहेबाला काही विचारलं नाही. विचारायचं कशाला? मला समजलं होतं ना! मीच ऐटीत उत्तर दिलं, "अब्बा, पेट्रोल लागतच नाही हिला. गॅसवर चालते."

"गॅसवर?" अब्बा खूश झाले. "मग घेऊन टाकू."

आता गॅस म्हणजे काय, हे सायकलवाल्याच्या मुलीला कोणी शिकवायला नको. त्या वेळी सायकलला जो दिवा असायचा तो गॅसचा दिवा. त्याला दोन कप्पे. खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे, वरच्यात पाणी. वरून थेंबथेंब पाणी खड्यांवर पडलं की फसफसून गॅस तयार होतो. तो नळीतून वर येतो, त्याला काडी लावली की पांढरा लख्ख उजेड. खड्यांचा शेवटी चुना होतो, तो रोज खरवडून टाकायचा. कार्बाइडचा डबा आमच्या दुकानात कायम भरलेला. पेट्रोलला कूपन लागायचं, कार्बाइडला फक्त आमचा डबा उघडायला लागायचा.

"सोपानभाऊ," मी म्हटलं, "रविवारी तुमची फटफटी तयार."

तो उठून माझ्या पाया पडायला लागला. मी पडू दिलं असतं, पण समोरचा पानवाला बघत होता.

कामाला सुरुवात केली ती मडगार्डपासून. अब्बांच्या दुकानाचा एक नियम होता. आलेली सायकल कशासाठीही आली असो, जाताना ती बोलता कामा नये. कुरकुर, करकर, खडखड, जे काही असेल ते आधी बंद करायचं. मी मडगार्डचा फाटलेला पत्रा ठोकून सरळ केला, कॅरिअरच्या पायाला रिव्हेट मारून घट्ट बसवला. रिव्हेट म्हणजे दोन पत्रे कायमचे जोडणारा चपटा खिळा. चाक फिरवलं. आवाज नाही.

सोपानभाऊ चाकाकडे बघत राहिला. "गेला की वो आवाज."

"मग? दुरुस्ती म्हणजे काय असते?"

"न्हाई, बरं झालं. निस्ती सवय झालीती."

मग इंजिन. ते फ्रेमच्या पोटात, दोन पायांच्या मधे बसतं. मोठ्या नारळाएवढं, पण उचलायला गेलं की पाट्यासारखं जड. मागच्या चाकाच्या तारांवर एक मोठी कडी बसवायची आणि इंजिनाहून तिच्यावर पट्टा घालायचा, पिठाच्या गिरणीला असतो तसा. आधी पॅडल मारून सायकल पळवायची. मग हँडलवरचा खटका सोडायचा. पट्टा आवळतो, इंजिन फिरतं, आत ठिणगी पडते, आणि पुढे पॅडल मारायचं कारण उरत नाही. टाकी दांडीवर, बसणाऱ्याच्या अगदी पोटासमोर.

हे सगळं मी बिनचूक केलं. हे आवर्जून सांगते, कारण पुढचं सांगताना मला कोणी एवढंही श्रेय देणार नाही.

टाकी बसवताना माझ्या लक्षात आलं की अमेरिकन कारखान्याने मोठीच चूक केली आहे. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी त्यांनी टाकीच्या तळाला लावली होती! गॅस वर जातो हे लहान पोराला कळतं. तळाला नळी लावली तर खाली फक्त चुना येईल. मला त्या कारखान्याची खरोखर कीव आली. मी तळाचं भोक बूच मारून बंद केलं, टाकीच्या झाकणाला वरून भोक पाडलं आणि दिव्याची रबरी नळी तिथून इंजिनापर्यंत नेली. मनात म्हटलं, साहेब जाण्याआधी भेटला तर त्याला हे सांगायला हवं. पुढचा माल तरी ते नीट काढतील.

शनिवारी दुकानामागच्या बोळात चाचणी घेतली. टाकीत कार्बाइडचे थोडे खडे टाकले, चमचाभर पाणी घातलं, झाकण लावलं. सोपानभाऊने पॅडल मारलं आणि खटका सोडला.

फट!

आम्ही दोघं दुसऱ्या 'फट'ची वाट बघत राहिलो. सायकल बोळाच्या टोकाला जाऊन थांबली. दुसरं आलं नाही.

"येकच झालं," सोपानभाऊ म्हणाला.

"एक झालं म्हणजे इंजिन चालतं. पाणी कमी पडलं. उद्या जास्त घालू."

"फटफटीला दोन तरी लागत्यात ना, हमीदाबी?"

"सोपानभाऊ, इंजिनियर कोण आहे?"

त्याने मान डोलावली. मुलगी मिळावी म्हणून माणूस काय काय ऐकून घेतो!

रविवारी मी कार्बाइडचा डबा आणि स्पॅनर पिशवीत घालून गाडीने मळवलीला उतरले. सोपानभाऊचं घर रेल्वेच्या हॉल्टपासून बरंच आत, इंद्रायणीच्या अंगाला. भात झोडून झालं होतं. खळं सारवून चकचकीत केलेलं, पेंढ्याची गंजी रचलेली, आणि मधोमध फुलांची माळ घातलेली सायकल. टाकीला सोपानच्या आईने हळदकुंकू लावलं होतं.

तळेगावची माणसं घोंगडीवर बसली होती. मुलीचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या तोंडून 'व्हय' सोडून दुसरा शब्द निघत नसे. आणि त्यांच्या वाटचं सगळं बोलणारी त्यांची थोरली बहीण, ठकूआत्या. अंगापिंडाने भरभक्कम, नवंकोरं हिरवं लुगडं, आणि एक गुडघा दुखरा म्हणून पाय लांब सोडलेला. शेजारी नामाभाऊ मध्यस्थ मिशीला पीळ देत बसलेले. त्यांनीही फटफटी आज पहिल्यांदाच बघितली होती. आपण खरं बोललो याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

बाजूला बैलगाडी जुंपून तयार होती. पाहुण्यांना परतीच्या गाडीला सोडायचं होतं.

"ही पोर कोण?" आत्याने मला विचारलं.

"मी मेकॅनिक."

"आन् तुजा बा?"

"तेही मेकॅनिक. डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेत."

"म्हंजी आदी बाचं डोळं गेलं, मग तू दुकानात आलीस. बरं हाय." असं म्हणून तिने सायकलला एक फेरी मारली, लंगडत. टाकीवर टिचकी मारली. "चालती का निस्ती हार घालून हुबी ऱ्हाती?"

"चालती की," सोपान म्हणाला. त्याचा आवाज चाचरला.

"मग चालवून दाव. आन् बिगीबिगी. आमची गाडी चुकली तर रात काडाया लागंल हितं. सोयरीक ठरायच्या आदी पोरीच्या मान्सांनी पोराच्या घरात रात काडली, तर तळेगावात तोंड दावायची सोय न्हाई. काय, आबा?"

"व्हय," आबा म्हणाले.

मी झाकण उघडलं. काल थोडे खडे आणि एक 'फट'. आज पाहुणे मोठे, म्हणून मी टाकीत हात बुडेल एवढे खडे भरले. चमच्याने पाणी घालायला लागले.

"आगं, मुंगीला पाजतीस का?" आत्या ओरडली. "घाल की निबार!"

सोपानची आई घाईघाईने पाण्याचा लोटा घेऊन आली. आणि मी, लोणावळ्याच्या बाजारातली एकमेव इंजिनियर, मी तो अख्खा लोटा टाकीत ओतला आणि झाकण पिळून घट्ट बसवलं.

दिव्यात पाणी थेंबथेंब का सोडतात, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता.

टाकी आतून फसफसायला लागली. "उकळी फुटली जनू," नामाभाऊ कौतुकाने म्हणाले. सोपान टांग मारून बसला. खळ्यावर एक गोल फेरी मारली, आमच्या समोर आला, छाती काढली आणि खटका सोडला.

त्याला मी 'फट' म्हणणार नाही. खंडाळ्याच्या घाटात सुरुंग लावतात तसलं काहीतरी झालं. झाकण सोपानच्या नाकासमोरून सरळ वर गेलं, गोठ्याच्या कौलांवर पडलं, एक कौल फुटलं. त्यामागून टाकीतून पांढरंशुभ्र कारंजं उडालं आणि चौफेर बरसलं. कार्बाइडचा शेवटी चुना होतो, हे मी मघाशी सांगितलंच आहे.

सोपान टोपीपासून मिशीपर्यंत पांढरा झाला. नामाभाऊ पांढरे. आत्याच्या हिरव्या लुगड्यावर अशी नक्षी उमटली की कोष्ट्यालाही जमली नसती. बैलांनी एकदा मागे बघितलं आणि गाडीसकट भाताच्या खाचरांतून धूम ठोकली. गाडीच्या चाकांचा आवाज लांब लांब जात नाहीसा झाला.

शेवटी आत्याने पदर झटकला.

"नामा," ती मध्यस्थाला म्हणाली, "चुना लावतोस हे आयकून हुते. असा लावतोस व्हय?"

"आत्याबाई, म्या—"

"तू बोलू नगं. मिशी धू आदी."

नामाभाऊ मिशी धुवायला गेले, ते त्या दिवशी पुन्हा दिसले नाहीत. सोपान सायकल धरून उभा होता. त्याच्या पांढऱ्या गालावरून दोन ओघळ खाली आले. चुना डोळ्यात गेला असेल असं मी स्वतःला सांगितलं आणि लोटा पुन्हा भरून आणून पाणी त्याच्या डोळ्यांवर मारलं. इंदू गेली, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

तेवढ्यात लांबून, लोणावळ्याच्या अंगाने, इंजिनाची शिटी ऐकू आली.

"गाडी!" आत्या म्हणाली. "आन् बैल कुटं?"

बैलांचा मागमूस नव्हता. आबा लुगडं सावरणाऱ्या बहिणीकडे बघत राहिले. त्यांना 'व्हय' म्हणावं असं काहीच सापडेना. आत्याने दुखरा पाय टाकून बघितला आणि मटकन बसली.

सोपानने सायकलीची माळ तोडून फेकली. "आत्या, बसा मागं."

"ह्या तोफंवर?"

"तोफ मेली. सायकल जित्ती हाय. बसा."

मी आणि सोपानच्या आईने मिळून आत्याला कॅरिअरवर चढवलं. माझं इंजिनियरी डोकं तिथेही चाललं. इंजिनाचं वजन, त्यात आत्याचं, आणि पुढे बैलगाडीची चाकोरी. "इंजिन काढून देऊ का पटकन?" मी विचारलं. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी स्पॅनर पिशवीत ठेवलं आणि कॅरिअर मागून धरून पळायला लागले. आबा आधीच बांधावरून आडवाटेने हॉल्टकडे सुटले होते.

सोपानने सायकल हाकली ती कशी, हे आज सांगूनही खरं वाटायचं नाही. पट्टा मी ढिला केला होता, तरी ते मेलेलं इंजिन त्याच्या पायांत लोंबत होतं. पोटऱ्या नुसत्या फुगल्या होत्या. चढाला तो उभा राहून पॅडल मारायचा, घाम चुन्यातून वाट काढत खाली यायचा. एकदाही थांबला नाही. मागे आत्या दोन्ही हातांनी खोगीर धरून बसलेली, आणि मी त्यांच्या मागे धापा टाकत, ग्रीसचा पदर खोचून.

नदीकडचा चढ संपला आणि हॉल्टचा उतार लागला. सायकलने एक दणका खाल्ला. टक् असा बारीक आवाज मला ऐकू आला. माझा रिव्हेट तुटला होता. आत्याच्या वजनाने कॅरिअर खाली बसला आणि मडगार्डचा पत्रा पुन्हा तारांना लागला.

फट.

फट, फट.

फट फट फट फट फट!

"आगं बया!" आत्या ओरडली. "झाली की रं सुरू!"

सोपानने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याचा अर्थ 'बोलू नका' होता की 'इंजिन नाही' होता, ते मलाही माहीत नाही. उतार मोठा, वेग वाढला, फटफट वाढली. वाटेवरची पोरं ओरडायला लागली, "आली रे सोपानाची फटफटी!"

"जोरात घे!" आत्या म्हणाली.

आम्ही हॉल्टवर पोचलो तेव्हा पुण्याची गाडी शेवटची शिटी देत होती. गार्डाने पांढऱ्या माणसाच्या मागे बसलेली हिरवी-पांढरी बाई बघितली आणि हातातलं निशाण हलवायचंच विसरला. आबा डब्याच्या दारात उभे राहून हात देत होते. आम्ही आत्याला वर ढकललं. ती खिडकीशी बसली, पदराने तोंड पुसलं, आणि बाहेर डोकं काढलं.

"काय रं सोपाना, पेट्रोल किती खाती ही?"

सोपान दम घेत उभा होता. एका हाताने खोगीर धरलं होतं. "आजिबात न्हाई, आत्या."

"आजिबात न्हाई?"

"येक थेंब न्हाई. खरं सांगतो. ही आपली—"

गाडी हलली. पुढचं वाक्य चाकांखाली गेलं. पण आत्याचा आवाज गाडीपेक्षा मोठा होता.

"पोरगी दिली म्हून समज! काय, आबा?"

"व्हय!" खिडकीतून आबांचा आवाज आला.

सोपान फलाटावरच खाली बसला. हसत होता की रडत होता, चुन्यामुळे कळेना.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने भुशीकडच्या बंगल्यावर गेले. साहेब ट्रंका बांधत होता. माझ्या इंग्रजीत मी त्याला विचारलं, तू म्हणालास गॅस द्या, मी गॅस दिला, तुझी टाकी उडाली कशी? तो म्हणाला, कसला गॅस दिलास? मी पिशवीतून कार्बाइडचा खडा काढून दाखवला. त्याने खडा उलटसुलट केला. मग मला जीपपाशी नेलं, टाकीचं झाकण उघडलं आणि म्हणाला, हा वास घे. हा गॅस.

"हे तर पेट्रोल!" मी ओरडले.

"तेच म्हणालो मी. गॅस."

माझं इंग्रजी इंग्लंडहून आलं होतं, त्याचं अमेरिकेहून, आणि दोघांची गाठ माझ्या टाकीत पडली होती. नळी टाकीच्या तळाला का असते, हेही मला त्या क्षणी कळलं. कारखान्याच्या चुकीबद्दल त्याला सांगायचं मी रद्द केलं.

अब्बा डोळ्यांवर हिरवी झापडं लावून परत आले. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी उशी जवळ ओढली. मग खांदे हलायला लागले. डॉक्टरांनी हसायला मनाई केली होती, टाक्यांना ताण नको म्हणून. अब्बा उशीत तोंड खुपसून हसले आणि मधेच कण्हत म्हणाले, "अख्खा लोटा? बेटी, अख्खा?"

माघात लग्न झालं. पंगतीत आम्हालाही पान होतं. मी मांडवाच्या कडेला बसले होते, तर ठकूआत्या पाय ओढत आली आणि माझ्या शेजारी टेकली.

"काय गं इंजनेर, सायकल दुरुस्त केलीस का परत?"

"सायकल?" मी उगाच म्हटलं. "फटफटी म्हणा, आत्याबाई."

"गप." तिने माझ्या मांडीवर चापट मारली. ती अजून लक्षात आहे. "माज्या दादल्याचं सायकलीवर दूध घालण्यात जलम गेला. फाटक्या मडगार्डचा आवाज मला ठावा न्हाई व्हय?"

माझा घास हातातच राहिला. "मग होकार कसा दिलात?"

"म्या नकार द्याया आलते. फटफटीवाल्याच्या पायाला चिखूल लागतो का कदी? भाताच्या लावणीला आमच्या पोरीनं येकटीनं वाकायचं, आन् ह्यो बाजारात धूर सोडीत फिरणार. ती तुजी तोफ चालली असती ना, तर म्या तितंच उटले असते." तिने जिलबी तोडली. "पन न्हाई चालली. मग म्या त्येच्या पोटऱ्या बघितल्या. सबंद वाट बघितल्या. मला दुसरं बगाया तरी काय हुतं मागं बसून?"

पुढे अब्बांनी टाकीला नवं झाकण केलं, नळी पुन्हा तळाला लावली, कूपनावर बाटलीभर पेट्रोल मिळवलं, आणि इंजिन झकास चाललं. सोपानभाऊने एकदा ते कार्ल्यापर्यंत पळवलं आणि परत आणून दिलं. इंदूला त्याचा वास सोसेना. ते मग आमच्या दुकानात धार लावायच्या चाकाला लागलं आणि अर्ध्या लोणावळ्याच्या विळ्या-कोयत्यांना त्याने धार लावली.

त्या वर्षीपासून मी दुकानाचा एक नियम बदलला. पुढे दुकान मीच चालवलं, केस पिकेपर्यंत, आणि तो नियम शेवटपर्यंत पाळला. कोणीही खडखडणारी सायकल घेऊन आलं की हात लावण्याआधी मी विचारायची, हा आवाज घालवायचाय की ठेवायचाय?

गिऱ्हाईक माझ्याकडे येड्यासारखं बघायचं. एकट्या सोपानभाऊने मात्र दर वेळी सरळ उत्तर दिलं.

"ठिवा."